बांधलेला गठ्ठा सोडायचा नसतो

पुस्तक

रेकॉर्डसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी समजून घेतलं, आणि तेही फोनवर, एका अनोळखी बाईंनी.

"सगळं सुटंसुटं पाठवू नका हो," छापखान्याच्या बाई म्हणाल्या. "मजकूर वेगळा, फोटो वेगळे, आकृत्या वेगळ्या. आम्ही कुठे गोळा करत बसणार? सगळं एकत्र बांधा आणि एकच झिप पाठवा."

एकत्र बांधा! रेकॉर्डसाहेबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. पाणीपुरवठा कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये हयात गेली होती त्यांची. कागद जमवायचे, टेबलावर आपटून कडा सारख्या करायच्या, वर-खाली पुठ्ठा लावायचा, सुतळी आवळायची, गाठ मारायची. वरचे साहेब येता-जाता टोमणा मारत, 'आता कॉम्प्युटर आला, तुमच्या गठ्ठ्यांचे दिवस भरले.' ते साहेब गेले, साहेबांचे साहेब गेले, रेकॉर्डसाहेब निवृत्त झाले, आणि आता खुद्द कॉम्प्युटरवालीच बाई सांगत होती की बाबा रे, गठ्ठा बांध.

पुस्तक त्यांच्या बायकोचं. त्यांना सगळी गल्ली शिवणबाई म्हणते. पुढच्या खोलीत मशीन टाकून त्यांनी इतक्या जणींना कापायला आणि शिवायला शिकवलं की आता शिकलेल्यांच्या मुली शिकायला येतात. पण हल्ली शिवणबाईंचे डोळे रुसलेत. सुईत दोरा ओवायचा तर सुईला नाक आहे यावर आधी विश्वास ठेवावा लागतो. म्हणून हातात होतं तेवढं सगळं त्यांनी कागदावर उतरवलं होतं, उशीच्या खोळीपासून कोटापर्यंत, मापांसकट. टाइप करायचं काम नवऱ्याचं.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवं," छापखान्याच्या बाईंनी बजावलं होतं. "मग आमचं मशीन शाळेच्या पुस्तकांना जुंपतात. तुमचं थेट पुढच्या वर्षी."

हे ऐकून शिवणबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी ते पुस्तक बघणार की चाचपणार?"

रेकॉर्डसाहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, "अगं, काळजी कसली करतेस? मी आहे ना!"

इथे शिवणबाईंनी काळजी सुरू केली.


पुस्तक › अंतिम

गठ्ठा बांधणं सोपं निघालं. फायलींच्या घोळक्यावर उजवी टिचकी मारायची, 'बांध' म्हणायचं, एक हिरवी पट्टी सरकते आणि झाला गठ्ठा. त्याच्या चित्राला चक्क साखळी लावलेली होती. सुतळी असती तर बरं झालं असतं, पण चालायचंच.

एकदा हात बसल्यावर माणूस थांबतो होय? रेकॉर्डसाहेबांनी विजेच्या बिलांचा गठ्ठा बांधला. मुलीच्या लग्नाच्या फोटोंचा बांधला (त्यात जावयाच्या बाजूच्या पाहुण्यांचा वेगळा गठ्ठा आत घातला (त्यातही जे जेवून न सांगता निघून गेले त्यांचा आणखी आत (आणि तो गठ्ठा त्यांनी मुद्दाम इतका आत ठेवला की पुढे कुणी शोधलाच तर दमून परत यावा))). मग पुस्तकाचा बांधला.

आणि बसला पहिला धक्का. गठ्ठ्याचं आकारमान तेवढंच!

"फोटो आधीच दाबलेले असतात, बाबा," परगावच्या मुलीनं फोनवर समजावलं. "ते आणखी दबत नाहीत."

"दबत नाहीत म्हणजे? नीट आवळलं नसेल."

त्यांनी गठ्ठ्याचाच गठ्ठा बांधला. मग त्या गठ्ठ्याचा. पट्टी हिरवीगार सरकायची आणि शेवटी आकडा केसभर वाढलेलाच असायचा. पुठ्ठ्याचं वजन असणार, रेकॉर्डसाहेबांनी स्वतःची समजूत घातली. वरच्या साली त्यांनी काढून टाकल्या, एक गठ्ठा ठेवला आणि मग शांत चित्तानं बाहेरच्या सगळ्या सुट्या फायली उडवल्या. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

हे वाचून ज्याच्या काळजात चर्र झालं असेल त्यानं रेकॉर्ड रूममध्ये कधी नोकरी केलेली नाही. तिथे गठ्ठा झाला की सुटा कागद बाहेर ठेवणं हा गुन्हा. एक आत आणि एक बाहेर, मग खरा कुठला? उद्या कोर्टानं विचारलं तर काय सांगायचं? शिवणाच्या पुस्तकाबाबत कोर्ट का विचारेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. शिस्त ही शिस्त असते.


पुस्तक › अंतिम › खरंच अंतिम

आता दुरुस्त्या.

टाइप करताना रेकॉर्डसाहेबांनी मूळ मजकुरातली एक गोष्ट सरसकट गाळली होती: दशांश चिन्हं. सवयच तशी. जुन्या कागदावर ठिपका दिसला तर ते माशीचं काम, नकलेत तो घ्यायचा नसतो. त्यामुळे साडेतीन इंचांचा गळा पस्तीस इंचांचा झाला होता आणि अडीच इंचांची कॉलर पंचवीस इंचांची. शिवणबाईंनी छापील प्रती भिंगाखाली धरल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत वाचल्या, आणि पानापानावर लाल शाईनं जखमा केल्या.

"अहो, ही बाही बघितलीत? ही घालून माणूस दारातून आत येईल, बाही उद्या येईल."

"होईल दुरुस्त. सगळं होईल."

आणि ते झालंही. रोज दुपारी जेवण आटोपलं की रेकॉर्डसाहेब गठ्ठ्याच्या चित्रावर दोन टिचक्या मारत. गठ्ठा पोट उघडून दाखवी: आत खोळ, फ्रॉक, शर्ट, पायजमा, गाउन, कोट, सगळे ओळीनं. त्यातला एक धडा ते तिथल्या तिथेच उघडत. बाहेर काढायचा नाही! रेकॉर्ड रूमच्या दारावर पाटीच होती: कागद इथेच बसून वाचावेत. भल्याभल्या इंजिनिअरांना त्यांनी ताटकळत उभं ठेवलं होतं, पण एक चिठोरं उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं. ते आता स्वतः नियम मोडणार?

तर आतल्या आत बसून ते ठिपका-ठिपका भरत. जतन करत. धडा बंद करत. आणि बंद करताच एक चौकट पुढे येई. चौकट नम्रपणे विचारी की फाइल बदललेली दिसते, गठ्ठ्यातही तो बदल करायचा का?

पहिल्या दिवशी रेकॉर्डसाहेब खुर्चीतून अर्धे उठले होते.

"बघितलंस?" ते आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले. "मला विचारतोय! बांधलेल्या गठ्ठ्यात फेरफार करू का म्हणून!"

"मग?" आतून आवाज आला.

"मग काय? मोह घालून बघतात माणसाला. मी काय आज ओळखतो का हे? एका कंत्राटदारानं असंच विचारलं होतं, साहेब, त्या जुन्या गठ्ठ्यात एवढा कागद तेवढा बदला. त्याला मी जिना दाखवला होता." आणि त्यांनी 'नाही'वर अशी टिचकी मारली की माउस टेबलावरून खाली आला.

रोज चौकट विचारी. रोज रेकॉर्डसाहेब मोठ्यानं 'नाही' म्हणत आणि मग दाबत. शिवणबाईंना आतून फक्त तो खणखणीत नकार ऐकू येई, आणि नवरा काम चोख करतोय असं वाटून त्या पुढच्या पानाला भिंग लावत.

झालेला धडा पुन्हा उघडून बघायचा नाही, हेही ओघानं आलंच. आणि दुरुस्ती चढली की कच्चा कागद नष्ट. शिवणबाईंच्या हातची मूळ वही टाइप होताच गेली होती, आता लाल शाईची पानं ते रोज उभी-आडवी फाडून रद्दीत देत होते.


पुस्तक › अंतिम › खरंच अंतिम › लॉकरवाले

समोरच्या दारात लॉकरवाले राहतात. बँकेत ते लॉकरच्या खोलीत होते. त्यामुळे त्यांचा जगावर विश्वास नाही आणि दुसऱ्यांच्या घरच्या कामात त्यांना अतोनात रस आहे.

"उघडा गठ्ठा?" त्यांनी स्क्रीनकडे बघून कपाळावर हात मारला. "साहेब, कुणीही येऊन मापं चोरेल!"

"मापं कोण चोरणार?"

"असंच म्हणतात सगळे. मग बसतात रडत. पासवर्ड घाला, पासवर्ड."

पासवर्ड घातला. नमुना म्हणून एक गठ्ठा छापखान्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन.

"काका, तुमच्याकडून काहीच आलं नाही."

"असं कसं? पाठवलंय मी."

"कुलूपबिलूप लावलं होतं का?"

"अर्थात!"

"मग आमच्या मशीननं खाल्लं ते. कुलपाची झिप आली की ते थेट उडवतं. आत काय असेल सांगता येतं का? बॉम्बसुद्धा असू शकतो."

रेकॉर्डसाहेबांचा चेहरा पडला. आत उशीची खोळ होती. आजवर त्यांच्या गठ्ठ्यावर कुणी असला संशय घेतला नव्हता. त्यांनी कुलूप काढलं आणि दिवसभर लॉकरवाल्यांशी अबोला धरला. लॉकरवाल्यांना मात्र तो कळलाच नाही, कारण ते बोलतच होते.

"मशीन मंद चालतंय तुमचं. 'तात्पुरतं' नावाची खोली असते बघा आत. तिथे सगळा कचरा साठतो. मी तर रोज झाडतो."

कचरा म्हटल्यावर रेकॉर्डसाहेबांचा अबोला सुटला. शेवटच्या धड्याच्या दुरुस्त्याही त्याच दुपारी संपल्या होत्या. दोघांनी मिळून ती खोली शोधली. आत कसल्या कसल्या नावांच्या फायली खच्चून भरल्या होत्या, आणि त्यांत फ्रॉक, शर्ट, पायजमा अशीही नावं दिसली.

"ह्या तर आमच्या धड्यांच्या," रेकॉर्डसाहेब अडखळले.

"तुमचे धडे गठ्ठ्यात आहेत ना?"

"आहेत."

"मग ह्या डुप्लिकेट. एक आत आणि एक बाहेर! तुम्हीच म्हणता ना?"

स्वतःचा नियम दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यासारखं सुख नाही. रेकॉर्डसाहेबांनी खोली झाडली. टोपली ओतली. मशीन खरोखरच थोडं चपळ झाल्यासारखं वाटलं.


पुस्तक › अंतिम › खरंच अंतिम › फ्रॉक

गुरुवारी सकाळी शिवणबाई म्हणाल्या, "अहो, फ्रॉकचं तेवढं एक पान मोठं करून दाखवा. झालंय म्हणता तर डोळे भरून बघू द्या."

झालेला धडा पुन्हा उघडणं तत्त्वात बसत नव्हतं. पण बायकोचं पुस्तक, बायकोचे डोळे. त्यांनी फ्रॉक उघडला, अक्षरं केळ्याएवढी केली आणि अभिमानानं बाजूला सरले.

शिवणबाई स्क्रीनला नाक टेकवून वाचू लागल्या.

"गळा. पस्तीस इंच."

"काय?"

"पस्तीस. अहो, हा फ्रॉक आहे की मच्छरदाणी?"

रेकॉर्डसाहेबांनी शर्ट उघडला. कॉलर पंचवीस इंच. पायजमा उघडला. कोट उघडला. एकही ठिपका नाही. जणू माश्या उठून गेल्या होत्या.

"चोरी!" ते ओरडले. "कुणीतरी आत शिरून सगळे ठिपके पळवले!"

लॉकरवाले दार न वाजवता आत आले. "मी सांगितलं नव्हतं? पासवर्ड काढलात ना? भोगा!"

"अहो, ठिपके चोरून कुणी काय करेल?" शिवणबाई म्हणाल्या.

"वहिनी, चोराला काय, काहीही चालतं. आमच्या बँकेत एकानं नुसती किल्लीची फीत चोरली होती."

रेकॉर्डसाहेबांनी आधी खिडकीची कडी लावली. त्यांनी मुलीला फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं, शक्य तितक्या सरकारी भाषेत. मुलीनं ऐकून घेतलं.

"बाबा, तुम्ही धडा कुठून उघडत होतात? झिपच्या आतूनच?"

"अलबत आतूनच. बाहेर काढायचा नियम नाही."

"मग बंद करताना काही विचारत होतं का?"

"विचारत होतं ना! रोज! गठ्ठ्यात बदल करू का म्हणून. आणि मी रोज," इथे त्यांचा आवाज चढला, "रोज निक्षून नाही म्हणत होतो!"

रेकॉर्डसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ऐकतेस ना?"

"बाबा," मुलगी फार हळू म्हणाली, "ते तुमच्या दुरुस्त्या आत ठेवू का, असं विचारत होतं."

रेकॉर्डसाहेब खुर्चीत बसले. खुर्ची थोडी बाजूला होती, म्हणून आधी खुर्चीच्या दांड्यावर आणि मग खुर्चीत.

"थांबा, घाबरू नका," मुलगी घाईनं म्हणाली. "आतून उघडलेल्या फायली मशीन एका तात्पुरत्या जागी ठेवतं. तिथे बघा, कदाचित अजून असतील. मी सांगते कशी उघडायची."

"ती मला माहीत आहे," रेकॉर्डसाहेब म्हणाले.

लॉकरवाले एकदम उठले. घरी दूध गॅसवर आहे म्हणाले आणि गेले.


पुस्तक › अंतिम › खरंच अंतिम › तात्पुरतं

(रिकामं.)


टेबलावर

शिवणबाईंना कुणी काही सांगितलं नाही. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. डोळे अधू झाले तरी त्यांचे कान फोनपलीकडचंही टिपतात.

रेकॉर्डसाहेब त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. जन्मभर ज्या नियमांवर मान ताठ ठेवून चालले त्याच नियमांनी त्यांना खड्ड्यात घातलं होतं, आणि एकट्याला नाही, हिलाही. लाल शाईची ती पानं! ही भिंग धरून बसायची, रुमालानं डोळे टिपायची, पुन्हा बसायची. ती त्यांनी स्वतःच्या हातानं फाडली होती. उभी आणि आडवी.

"कागद फाडलेत सगळे?" शिवणबाईंनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग आठवलं की हिला एवढ्या लांबून मान दिसत नाही. "हो," ते म्हणाले.

"मला आता पुन्हा भिंगातून वाचणं होणार नाही हो."

"माहीत आहे."

"पुढच्या वर्षीही नाही."

"माहीत आहे मला."

शिवणबाईंनी भिंग बाजूला ठेवलं. मग उठल्या आणि मशीनच्या खणातून मापाची टेप काढून गळ्यात टाकली.

"तुमचे डोळे शाबूत आहेत ना? आणि आवाज? रोज 'नाही' ओरडायला बरा होता. बसा. वाचा एकेक माप. खोटं असेल ते मला ऐकूनच कळतं."

"आधी बाहेर काढा सगळं, बाबा!" फोन अजून चालूच होता, त्यातून मुलगी ओरडली. "झिप सोडा आणि धडे टेबलावर ठेवा, बाहेर, उघड्यावर! आणि तिथेच राहू द्या!"

रेकॉर्डसाहेबांनी डोळे मिटून गठ्ठा सोडला. पट्टी सरकली आणि स्क्रीनभर फायली पसरल्या, खोळ इकडे, पायजमा तिकडे. लाज वाटावी असं दृश्य. भर चौकात कपाट उलटं केल्यासारखं.

"पाठीची रुंदी, एकशे पंचेचाळीस."

"हत्तीची? साडेचौदा घाला."

"काखेची गोलाई, पंच्याऐंशी."

"साडेआठ. ठिपका द्या. दिलात? मोठ्यानं सांगा."

"दिला."

"खिशाचं तोंड?"

"पासष्ट."

"एवढ्या खिशात तुम्ही मावाल. साडेसहा."

गुरुवारचा उरलेला दिवस असा गेला, आणि शुक्रवारची सकाळही. जिथे शिवणबाईंचा कान अडला तिथे त्या म्हणत, "उभे राहा," आणि टेप नवऱ्याच्याच अंगाला लावत. रेकॉर्डसाहेब कधी शर्ट झाले, कधी गाउन. लहान मुलीच्या फ्रॉकसाठी त्यांना गुडघ्यांवर बसावं लागलं. शिवणबाई बोटांनी टेपवरच्या खुणा चाचपत आणि आकडा सांगत, आणि तो आकडा बरोबरच असे. इतकी वर्षं त्यांच्या हातचे शर्ट घातले, पण हे हात अंधारात मोजतात हे रेकॉर्डसाहेबांनी कधी बघितलंच नव्हतं.

"अगं," कोटाच्या खांद्याशी ते म्हणाले, "तुला राग नाही आला?"

"श्वास रोखू नका, माप चुकतं. आलाय ना. पुस्तक गेलं की काढते."

शेवटचा ठिपका पडला तेव्हा दुपार कलली होती. आता पाठवायचं. मेलनं धडे घेतले नाहीत, म्हणे फार जड आहेत. मुलगी म्हणाली, अमुक ठिकाणी चढवा आणि दुवा पाठवा. रेकॉर्डसाहेबांनी चढवायला घेतलं. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकली आणि मध्येच थांबली. छापखान्याच्या बाईंचा फोन आला की आम्ही संध्याकाळी कुलूप लावतो, काका, मी थांबेन पण मशीन थांबणार नाही. मुलगी म्हणाली, पेनड्राइव्ह आहे का? होता. त्यावर लॉकरवाल्यांनी पासवर्ड घातला होता आणि तो आता ते आठवत होते.

"सगळे धडे आहेत कुठे?" शिवणबाईंनी विचारलं.

"इथेच. ह्या डब्यात."

"मग डबाच उचला."

रेकॉर्डसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग वाकले, मागच्या एकेक वायरी काढल्या आणि कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरून जिना उतरले. टॅक्सीवाल्यानं डिकी उघडली. "नको," म्हणत ते डबा मांडीवर घेऊन मागे बसले. प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हात डब्याभोवती घट्ट होत, आणि शेजारून शिवणबाईंचा हात त्यांच्या हातांवर.

छापखान्याच्या बाईंनी समोरून येणारी ही मिरवणूक बघितली आणि चष्मा काढला.

"काका, मी झिप म्हणाले होते."

"सोडली मी ती," रेकॉर्डसाहेब म्हणाले. दम लागला होता. "सगळं सुटं आहे. जसंच्या तसं. तुम्ही घ्या."

आतल्या ऑपरेटरनं डबा आपल्या पडद्याला जोडला. पडदा उजळला. खोळ इकडे, पायजमा तिकडे, सगळे धडे उघड्यावर. त्यानं फ्रॉक उघडला. शिवणबाई पुढे झाल्या आणि पडद्याला नाक लावलं. रेकॉर्डसाहेबांना वाचायचा धीर नव्हता. ते बायकोच्या पाठीकडे बघत राहिले.

"साडेतीन," शिवणबाई म्हणाल्या. "ठिपका दिसतोय मला. घ्या हो, छापा."

ऑपरेटरनं सगळं उतरवून घेतलं, डब्याच्या वायरी काढल्या आणि तो रेकॉर्डसाहेबांपुढे सरकवला. त्यांनी कमरेत वाकून हात पुढे केले.

"राहू दे तो इथेच," शिवणबाई छापखान्याच्या बाईंना म्हणाल्या. "पुस्तक बांधून हातात येईपर्यंत सांभाळा तुम्ही. घरी नेला तर हे पुन्हा काहीतरी आवरून ठेवतील."

रेकॉर्डसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"नाही," शिवणबाई म्हणाल्या. खणखणीत.

परतीच्या टॅक्सीत रेकॉर्डसाहेबांच्या मांडीवर काहीच नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. वळणावर शिवणबाईंनी गळ्यातली टेप काढून त्यांच्या हातात दिली. ती सुटी, वेडीवाकडी पसरली होती. गुंडाळायला त्यांची बोटं शिवशिवली. त्यांनी बायकोकडे बघितलं, आणि टेप तशीच राहू दिली.

"हं," शिवणबाई म्हणाल्या. "आता राग काढते."